धाकट्या भावासाठी वकील शोधताना

वाचकाचे पत्र

माझा धाकटा भाऊ गेले चोवीस दिवस सांगलीच्या कारागृहात आहे. बांधाच्या वादातून भावकीतच मारामारी झाली, त्यांच्यातल्या एकाच्या डोक्याला मार लागला आणि आमच्या घरातल्या पाच जणांवर जीवे मारण्याच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल झाला. भाऊ आणि थोरला चुलतभाऊ आत आहेत. दोन्ही चुलते आणि धाकटा चुलतभाऊ यांना अटकपूर्व जामीन मिळाला आहे. धाकटे चुलते तर त्या वेळी उसाची गाडी घेऊन कारखान्यावर गेले होते. भांडणात थोरल्या चुलत्यांचा हात मोडला, पण भीतीपोटी आम्ही तक्रार दिली नाही. पोलीस ठाण्याच्या आवारात भेटलेल्या एका माणसाने सुचवलेल्या वकिलांना आम्ही पाचही जणांचे वकीलपत्र दिले. तालुक्याच्या कोर्टात जामीन फेटाळला गेला आणि तेव्हापासून ते फोन उचलत नाहीत, कागदही देत नाहीत. आता दुसरा एक जण तीन लाखांत जामिनाची हमी देतो आहे. वरपर्यंत ओळख आहे म्हणतो. पुण्याचे मामा म्हणतात, पुण्याहून मोठा वकील आणा. आईने दागिने मोडायची तयारी केली आहे. कारागृहात मुलाखतीला गेले तेव्हा भाऊ म्हणाला, "ताई, एक फटका मी मारला होता." हे वकिलांना सांगायचे की लपवायचे? आणि ज्याने फटका मारला आहे, त्याचा बचाव करणारा वकील प्रामाणिक असू शकतो का?
– एक बहीण, सांगली जिल्हा

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातल्या प्रश्नांचा क्रम मी थोडा बदलणार आहे, कारण त्यातल्या एका गोष्टीला आजच्या आज उत्तर हवे आहे. तीन लाख मागणाऱ्या माणसाला एक रुपयाही देऊ नका. जामीन द्यायचा की नाही हे न्यायाधीश कागद पाहून आणि दोन्ही बाजू ऐकून ठरवतात. त्याची हमी जगातला कोणताही वकील देऊ शकत नाही. निकालावर अवलंबून असलेली फी ठरवायलाही भारतीय विधिज्ञ परिषदेच्या (बार कौन्सिलच्या) नियमांनुसार वकिलाला मनाई आहे. तो माणूस "वरपर्यंत ओळख आहे" असे सांगून पैसे मागत असेल तर तो एकतर तुम्हाला फसवतो आहे किंवा लाचेचा व्यवहार सुचवतो आहे, आणि लाच देणे हासुद्धा गुन्हा आहे. भाऊ आत असताना बाहेरच्या माणसांवर दुसरा गुन्हा दाखल होणे तुमच्या घराला परवडणार नाही. पुन्हा मागणी झाली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक जवळ ठेवा. आईचे दागिने आईकडेच राहू द्या.

आता भावाच्या कबुलीविषयी, कारण तुमच्या मनावर सर्वांत जास्त ओझे त्याचेच आहे असे पत्र वाचताना मला जाणवले. वकिलाला सगळे खरे सांगायचे, अगदी सगळे. फटका कोणी मारला, कशाने मारला, कुठे लागला, त्याच्या आधी काय घडले, समोरच्यांच्या हातात काय होते, हे सर्व भावाने स्वतः, स्वतःच्या शब्दांत वकिलाला सांगितले पाहिजे. अशिलाने वकिलाला विश्वासाने सांगितलेली गोष्ट वकील अशिलाच्या संमतीशिवाय उघड करू शकत नाही, असे संरक्षण भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ ने दिले आहे आणि जुन्या पुरावा कायद्यातही ते होतेच. हे संरक्षण पुढे करायच्या बेकायदा कृत्याला लागू नसते. म्हणजे "खोटा साक्षीदार उभा करू या" असे कोणी वकिलाला सांगितले तर ते बोलणे गुपित म्हणून राखले जात नाही. झालेल्या घटनेविषयी जे सांगितले जाते ते मात्र त्या दोघांतच राहते.

तीस वर्षे सत्र न्यायालयात आरोपींच्या बाजूने उभा राहिल्यावर मी एक गोष्ट खात्रीने सांगू शकतो: अशिलाच्या गुन्ह्यापेक्षा त्याने लपवलेल्या गोष्टीमुळे हरलेले खटले मी अधिक पाहिले आहेत. समजा भावाने वकिलांना सांगितले की मी तिथे नव्हतोच, वकिलांनी तोच बचाव घेतला, आणि उलटतपासात फिर्यादीने भावाच्या हातातल्या दांड्याचे वर्णन केले, तर तिथून पुढे तो बचाव उभा राहत नाही. उलट एक फटका मारला हे खरे असेल तर वकिलापुढे विचार करायला पुष्कळ जागा आहे. तो फटका स्वतःला किंवा चुलत्यांना वाचवण्यासाठी होता का? शरीराच्या आणि मालमत्तेच्या रक्षणासाठी आवश्यक तेवढे बळ वापरण्याचा हक्क कायदाच देतो. मारणाऱ्याचा हेतू जीव घेण्याचा होता, की भांडणाच्या भरात हात उचलला गेला? भारतीय न्याय संहितेचे कलम १०९, ज्याला जुन्या दंड संहितेतल्या क्रमांकावरून गावोगावी अजून 'तीनशे सात' म्हणतात, ते लागू व्हायला मारण्याचा हेतू किंवा तशी जाणीव सिद्ध व्हावी लागते. डोक्याला जखम झाली एवढ्याने ते आपोआप सिद्ध होत नाही. हत्यार धारदार होते की बोथट, जखमा किती आणि किती खोल, वार पुन्हा पुन्हा केले की एकच, आणि थांबवायला कोणी नसतानाही मारणारा थांबला का, या प्रश्नांच्या उत्तरांवर गुन्ह्याचे कलम आणि शिक्षा दोन्ही बदलू शकतात. हे प्रश्न खऱ्या माहितीशिवाय नीट विचारताच येत नाहीत.

यातूनच तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो, कारण तो तुम्ही संकोचत विचारला आहे आणि मला तो फार मोलाचा वाटतो. बचाव पक्षाच्या वकिलाचे काम न्यायालयाला खोटे सांगणे हे नाही. माहीत असून खोटा पुरावा पुढे करणे त्याला व्यवसायाच्या नियमांनी आणि फौजदारी कायद्याने, दोन्हींनी, वर्ज्य आहे. त्याचे काम असे की, सरकारने एखाद्या माणसाचे स्वातंत्र्य काढून घ्यायचे ठरवले तर ते पुराव्याने, कायद्याने घालून दिलेल्या मार्गाने आणि वाजवी संशयाच्या पलीकडे सिद्ध करायला लावणे. वकिलाचे स्वतःचे मत काहीही असले तरी त्याने आरोपीचा बचाव केला पाहिजे, कारण पुरेशा पुराव्याशिवाय कोणालाही शिक्षा होऊ नये असे सांगणाऱ्या कायद्याशी त्याची निष्ठा आहे, असे विधिज्ञ परिषदेच्या नियमातच म्हटले आहे. फटका मारणाऱ्यालाही, त्याने जेवढे केले तेवढ्याचीच शिक्षा व्हावी, त्याहून अधिकाची नाही, हा हक्क आहे. आणि तेवढे आणि अधिक यांतली रेषा न्यायाधीशांना दाखवण्यासाठी कोणीतरी कागद उलगडून उभे राहावे लागते.

मुंबईतील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याचा खटला आठवा. पकडल्या गेलेल्या हल्लेखोरालाही न्यायालयाने सरकारी खर्चाने वकील दिला, त्यावरून त्या वेळी पुष्कळ राग व्यक्त झाला. त्याच खटल्यात आणखी दोन भारतीय आरोपी होते. त्यांच्याविरुद्धचा पुरावा टिकला नाही आणि मे २०१० मध्ये सत्र न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. तो निर्णय उच्च न्यायालयात आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही कायम राहिला. संतापाच्या लाटेत त्यांचा बचाव करायला कोणी पुढेच आले नसते तर हे झाले असते का, याचा विचार मी अनेकदा केला आहे. काही ठिकाणी वकील संघटना अमुक आरोपीचे वकीलपत्र कोणी घेऊ नये असे ठराव करतात. असे ठराव बेकायदा आहेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ठणकावून सांगितले आहे. तुमच्या गावात समोरची भावकी वजनदार असेल आणि "यांचे काम कोणी घेऊ नका" असा दबाव येत असेल, तर हे लक्षात असू द्या.

आता वकील कोणता आणि कुठून, याविषयी. मामांच्या सांगण्यामागे माया आहे, पण मी त्यांच्याशी सहमत नाही. तुमचा खटला पुण्यात चालणार नाही. तो तुमच्या तालुक्यातून सत्र न्यायालयाकडे जाईल आणि पुढची दोन, तीन किंवा अधिक वर्षे तारखा तिथेच पडतील. त्या प्रत्येक तारखेला उभा राहणारा, साक्षीदार आले आहेत की नाहीत हे सकाळी पाहणारा, मुद्देमाल आणि पंचनामा स्वतः डोळ्यांनी तपासणारा, पंचांची गावे आणि त्या गावांतले बांध-रस्ते ठाऊक असणारा माणूस हवा आहे. आपल्याकडे खालच्या न्यायालयात साक्ष बहुतेक मराठीत नोंदली जाते, आणि तुमच्या भागातला साक्षीदार 'ताल' म्हणाला की 'बांध', 'वैरण' म्हणाला की 'कडबा', यातला फरक ज्याला कळतो तो वकील उलटतपासात जे काढून घेतो ते नावाजलेल्या बाहेरच्या वकिलालाही कधीकधी जमत नाही. मोठ्या शहरातले नामवंत वकील खूप तयारीने येतात, यात शंका नाही, पण ते दोन-चार महत्त्वाच्या तारखांना येतात आणि उरलेल्या तारखांना त्यांचे कनिष्ठ येतात किंवा पुढची तारीख मागितली जाते. प्रवास आणि मुक्कामाचा खर्च तुमच्यावर पडतो तो वेगळाच.

सत्र न्यायालयात जामीन नाकारला गेला तर उच्च न्यायालयात जावे लागेल, आणि तिथे त्या न्यायालयात रोज काम करणारा वकील घ्यावा, हे बरोबर आहे. त्यासाठी आता तुम्हाला मुंबईला जावे लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले असून सांगली जिल्हा त्याच्या कक्षेत आहे. तुमच्या स्थानिक वकिलाने तिथला एक चांगला वकील सुचवावा, कागदांचा संच व्यवस्थित करून द्यावा आणि दोघांनी मिळून काम करावे, ही पद्धत मला सर्वांत खात्रीची वाटते.

असा स्थानिक वकील शोधायचा कसा, याचे माझे उत्तर अगदी साधे आहे: न्यायालयात जाऊन बसा. खटले खुल्या न्यायालयात चालतात, तिथे कोणीही नागरिक मागच्या बाकावर शांतपणे बसू शकतो. सत्र न्यायालयात दोन-तीन दिवस सकाळी अकरापासून बसा आणि आरोपींच्या बाजूने उभे राहणाऱ्यांकडे पाहा. कोण कागद वाचून आला आहे, कोण केवळ तारीख मागतो आहे, कोण साक्षीदारावर ओरडतो आणि कोण हळू आवाजात एकेक प्रश्न विचारत त्याच्याकडून नेमके उत्तर काढतो, हे कायदा न शिकलेल्या माणसालाही कळते. मला स्वतःला ओरडणाऱ्या वकिलांविषयी कधी आदर वाटला नाही. साक्षीदार त्यांना घाबरतो, पण न्यायाधीशांच्या टिपणात काही उतरत नाही.

जोडीला आणखी काही गोष्टी करा. तुमच्या घरच्या जमिनीची कागदपत्रे पूर्वी कोणा दिवाणी वकिलाने पाहिली असतील तर त्यांना एकच प्रश्न विचारा: "तुमच्या स्वतःच्या भावावर अशी वेळ आली असती तर तुम्ही फौजदारीचे काम कोणाकडे दिले असते?" ज्यांचे खटले संपले आहेत अशा माणसांना विचारा, आणि त्यांत हरलेलेही असू द्या, हरल्यानंतरही जो माणूस आपल्या वकिलाविषयी चांगले बोलतो, त्याचे मत मी फार वजनाचे मानतो. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर आणि मोबाइल अॅपवर वकिलाच्या नावाने खटले शोधता येतात. त्या न्यायालयात त्याच्याकडे सत्र खटले चालू आहेत की केवळ चेकचे आणि अपघाताचे दावे आहेत, एवढे त्यातून दिसते. तुमच्या भावाच्या प्रकरणाचा सोळा अंकाक्षरी सीएनआर क्रमांकही, म्हणजे न्यायालयात प्रत्येक प्रकरणाला मिळणारा ओळख क्रमांक, मिळवून ठेवा, म्हणजे तारखेसाठी कोणाच्या फोनवर अवलंबून राहावे लागणार नाही. वकिलाची सनद महाराष्ट्र व गोवा विधिज्ञ परिषदेची आहे ना, याची खात्री करून घ्यायला संकोचू नका. जाहिरातींवर मात्र विसंबू नका. वकिलाने स्वतःची जाहिरात करणे किंवा दलालांमार्फत काम मिळवणे विधिज्ञ परिषदेच्या नियम ३६ ने निषिद्ध आहे, त्यामुळे इंटरनेटवर 'सर्वोत्तम फौजदारी वकील' असे मिरवणाऱ्याने पहिल्याच पायरीवर नियम मोडलेला असतो. पोलीस ठाण्याच्या आवारात भेटलेल्या त्या माणसाविषयीही माझे हेच म्हणणे आहे.

दोन-तीन नावे हाती आली की प्रत्यक्ष भेटा. पहिल्या भेटीत वकील काय बोलतो यापेक्षा काय विचारतो याकडे लक्ष द्या. घटना किती वाजता घडली आणि फिर्याद किती वाजता नोंदली गेली, जखमीला आधी कुठल्या दवाखान्यात नेले आणि तिथे त्याने मार कसा लागला म्हणून सांगितले, तुमच्या बाजूला कोणाला लागले होते, असे प्रश्न त्याने स्वतःहून विचारले तर तो माणूस कामाचा आहे. "काळजी करू नका, माझ्यावर सोडा" एवढेच म्हणून फीवर आला तर नमस्कार करून बाहेर पडा. उलटतपास तो स्वतः घेणार की कनिष्ठ, हे स्पष्ट विचारा. साध्या तारखेला कनिष्ठ आला तर बिघडत नाही, पण फिर्यादी, जखमी, डॉक्टर आणि तपास अधिकारी यांच्या उलटतपासाला तोच हवा.

फी टप्प्याटप्प्याने ठरवा: सत्र न्यायालयातला जामीन अर्ज, त्यानंतर पूर्ण खटला, आणि उच्च न्यायालयाचे काम वेगळे. कागदावर लिहून घ्या आणि प्रत्येक रकमेची पावती घ्या.

पैशांची अडचण असेल तर एक दार तुमच्यासाठी आधीपासून उघडे आहे, आणि त्याकडे कमीपणाच्या भावनेने पाहू नका अशी माझी कळकळीची विनंती आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार कोठडीतल्या माणसाला विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. सांगलीच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे, तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते, आणि १५१०० या क्रमांकावर फोन करूनही मार्गदर्शन मिळते. २०२२ च्या योजनेनंतर अनेक जिल्ह्यांत लोक अभिरक्षक कार्यालये सुरू झाली आहेत. तिथले वकील पूर्णवेळ आरोपींच्या बचावाचेच काम करतात आणि त्यांना खासगी वकिली करता येत नाही. फुकटचा वकील म्हणजे हलका वकील हा समज मी माझ्या डोळ्यांसमोर खोटा ठरलेला पाहिला आहे. तीन लाख उसने काढण्याआधी तिथे जाऊन या.

यापुढचा मुद्दा तुम्ही विचारलेला नाही, पण माझ्या मते तोच तुमच्या प्रकरणाचा कणा आहे. पाचही जणांचे वकीलपत्र एकाच वकिलाकडे असणे तुमच्यासाठी धोक्याचे आहे. गुन्ह्यात पाच नावे येण्याला कायद्यात अर्थ आहे: पाच किंवा अधिक माणसे समान बेकायदा उद्देशाने जमली तर तो बेकायदेशीर जमाव ठरतो, आणि मग एकाने केलेल्या कृत्याची जबाबदारी न्याय संहितेच्या कलम १९० नुसार सगळ्यांवर येऊ शकते. धाकटे चुलते त्या वेळी कारखान्यावर होते हे खरे असेल, तर कारखान्याच्या वजनकाट्याची पावती, गेटवरची नोंद, सीसीटीव्ही आणि मोबाइलचे लोकेशन यांतून ते दाखवता येईल. ते सिद्ध झाले तर केवळ चुलतेच सुटत नाहीत. पाचांची संख्या चारवर येते आणि जमावाच्या कलमालाच धक्का बसतो. दुसरीकडे, भावाच्या बचावात "फटका मी मारला, पण बचावासाठी" असे म्हणावे लागले, तर ते चुलतभावाच्या "आमच्यापैकी कोणीच मारले नाही" या म्हणण्याशी जुळणार नाही. एकच वकील एकाच वेळी या दोन्ही गोष्टी बोलू शकत नाही. म्हणून किमान भावासाठी आणि धाकट्या चुलत्यांसाठी वेगळे वकील घ्या. घरात यावरून कुजबुज होईल, "आम्हाला वेगळे काढले" असे कोणी म्हणेल. त्यांना हे कारण समजावून सांगा. वेगळा वकील घेणे म्हणजे एकमेकांविरुद्ध बोलणे नव्हे.

सीसीटीव्हीचे चित्रण बहुतेक ठिकाणी काही आठवड्यांत आपोआप पुसले जाते. चोवीस दिवस उलटून गेले आहेत, तेव्हा ते जतन करण्यासाठी कारखान्याला लेखी पत्र आणि न्यायालयात अर्ज, या दोन्ही गोष्टी नव्या वकिलाकडून पहिल्याच दिवशी करून घ्या.

थोरल्या चुलत्यांच्या मोडलेल्या हाताविषयीही असेच. तक्रार उशिरा दिली तर तिच्यावर शंका घेतली जाते, पण त्या दिवसाचे दवाखान्याचे कागद आणि एक्स-रे आहेत तेव्हा ती देणे निरर्थक नाही. पोलिसांनी घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे, असा मार्ग नागरिक सुरक्षा संहितेत आहे. अटकेनंतर भावाची वैद्यकीय तपासणी झाली असेलच. त्याच्या अंगावर काही खुणा नोंदल्या गेल्या आहेत का, ते त्या अहवालात पाहा. मारामारीत आरोपींनाही लागले होते आणि सरकारी पक्षाने त्याचा खुलासाच केला नाही, तर न्यायालय ती बाब गंभीरपणे विचारात घेते.

सध्याच्या वकिलांकडून प्रकरण काढून घेण्याचा हक्क तुम्हाला आहे. आपल्या पसंतीच्या वकिलाकडून बचाव करून घेण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २२ ने दिलेला आहे, आणि पसंती बदलण्याचा हक्क त्यातच आला. रीत अशी की नवा वकील जुन्या वकिलांकडून ना हरकत घेतो. ती मिळाली नाही तर न्यायालयाची परवानगी मागता येते. फी बाकी आहे म्हणून कागद अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच स्पष्ट केले आहे. थकलेल्या फीचा वाद असलाच तर तो वेगळा. त्यांच्याशी भांडू नका, लेखी आणि सभ्य शब्दांत कागद मागा. तेवढ्यानेही मिळाले नाहीत तर विधिज्ञ परिषदेकडे तक्रारीचा मार्ग आहे, पण आज तुमची शक्ती त्यात घालवू नका, कारण एफआयआरची प्रत पोलिसांच्या संकेतस्थळावरही मिळू शकते आणि बाकीच्या कागदांच्या नकला न्यायालयातून काढता येतात. त्यांत अटकेच्या कारणांचा कागद आहे का ते नव्या वकिलाला आवर्जून पाहायला सांगा. अटकेची कारणे त्या माणसाला कळेल अशा भाषेत लेखी दिली पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्व गुन्ह्यांसाठी सांगितले आहे.

तालुक्यात जामीन फेटाळला गेला म्हणून खचून जाऊ नका. ज्या गुन्ह्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, त्यात दंडाधिकारी सहसा जामीन देतच नाहीत; खरा अर्ज सत्र न्यायालयातलाच असतो. आणखी एक तारीख भिंतीवर लिहून ठेवा. अशा गुन्ह्यात भावाला पहिल्यांदा रिमांडसाठी न्यायालयापुढे उभे केले त्या दिवसापासून नव्वद दिवसांत दोषारोपपत्र दाखल झाले नाही, तर जामीन हा त्याचा हक्क होतो. मात्र तो मागावा लागतो. मुदत संपल्यावर तुमचा अर्ज जायच्या आधी दोषारोपपत्र दाखल झाले तर तो हक्क जातो, मग उशीर काही तासांचाच का असेना. चांगला वकील मुदत संपण्याच्या दिवशी अर्ज तयार ठेवून बसलेला असतो. तुमच्या वकिलाला ही तारीख पाठ आहे की नाही, हे पहिल्या भेटीत विचारून पाहा.

तडजोडीचे निरोप तुमच्याकडे येत असतील किंवा तुम्हाला पाठवावेसे वाटत असतील, तर ते थांबवा. हे कलम आपसात मिटवता येण्यासारखे नाही, आणि फिर्यादीच्या किंवा साक्षीदारांच्या घरी तुमच्यापैकी कोणी गेले तर 'दबाव आणला' एवढ्या एका वाक्यावर भावाचा जामीन अडू शकतो आणि बाहेर असलेल्या तिघांचा रद्दही होऊ शकतो. भावकीतले कोणी मध्यस्थी करू म्हणाले तरी वकिलाच्या सल्ल्याशिवाय पाऊल टाकू नका. चुलतभावांच्या मोबाइलवरच्या स्टेटसमध्ये या प्रकरणाविषयी एक शब्दही असता कामा नये.

पुढच्या मुलाखतीला जाल तेव्हा भावाला दोन गोष्टी सांगा. फटक्याविषयी तो तुमच्याशी बोलला तेवढे पुरे. आता ते त्याने बराकीतल्या सोबत्यांशी, ओळखीच्या शिपायांशी किंवा फोनवर कोणाशीही बोलायचे नाही, फक्त वकिलाशी बोलायचे. तुमच्याशीसुद्धा पुन्हा नाही, कारण वकिलाला कायद्याने दिलेले संरक्षण बहिणीला नाही. आणि नवे वकीलपत्र कारागृह अधिकाऱ्यांमार्फत सहीसाठी येईल, तेव्हा त्यावर वकिलाचे नाव वाचून, ते तुम्ही सांगितलेलेच आहे याची खात्री करूनच सही करायची. जाताना एका कोऱ्या वहीत त्या दिवशीचा घटनाक्रम तुम्हाला स्वतःला जेवढा ठाऊक आहे तेवढाच लिहून ठेवा: कोण कुठे होते, किती वाजता कोणाचा फोन आला, दवाखान्यात कोण घेऊन गेले. सातबारा, मोजणीचा नकाशा, कारखान्याची पावती आणि चुलत्यांचा एक्स-रे त्या वहीसोबत एका पिशवीत घाला, आणि सोमवारी सकाळी सत्र न्यायालयाच्या मागच्या बाकावर जाऊन बसा.